कमी उंचीसाठी खाली घेतलेली हिमालयन: साताऱ्यातलं एक प्रकरण

गाडी चालू हालतीत होती, तरी टेम्पोत घालून माझ्या गॅरेजला आणली होती. उतरवून घेताना कारण विचारलं तर मॅडमचे मिस्टर म्हणाले, "चालवत आणणार कोण? ही बसायला तयार नाही, आणि मी जन्मभर स्कूटरवाला." मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, पाय पुरत नव्हते तेव्हा मी दोनदा पडले. आता पाय पुरतात, तर गाडी एकटीच पडती."

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, ४११ सीसीची, सेकंडहँड, एमएच-११ पासिंग. मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा कासच्या पुढे, बामणोलीच्या अंगाला. उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. रोज समर्थ मंदिराकडून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, पठार ओलांडायचं आणि संध्याकाळी तसंच परत. आधी चार वर्षं स्कूटर वापरली. पावसाळ्यात त्या रस्त्याला पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात स्कूटरचं लहान चाक गेलं की हँडल हातातून निसटतं, म्हणून त्यांना मोठ्या चाकाची गाडी हवी होती. "बाईमाणसानं एवढी अवजड गाडी कशाला घ्यायची" हे त्यांना शोरूमपासून स्टाफरूमपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं होतं. माझ्या मते त्यांची निवड बरोबर होती. २१ इंचाचं पुढचं चाक त्या रस्त्याला जे करतं ते स्कूटर करू शकत नाही.

अडचण उंचीची, हे उघड होतं. या गाडीच्या सीटची उंची ८०० मिमी, जमिनीपासूनची मोकळीक २२० मिमी, पुढच्या फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची) चाल, म्हणजे चाक वर-खाली हलायची जागा, २०० मिमी, मागच्या शॉकअपची १८० आणि वजन दोनशे किलोच्या आसपास. आता गंमत बघा. आपल्याकडे घरोघरी असलेल्या स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिमी आहे, म्हणजे फरक अवघा १५ मिलिमीटरचा, पेन्सिलीच्या दोन जाडीएवढा. तरी पाच फुटांचा माणूस स्प्लेंडर आरामात चालवतो, कारण ती मधे अरुंद आहे, माणूस बसला की दबते, आणि वजनाला हिमालयनच्या निम्म्याहून थोडी जास्त. कलली तरी मांडीनं सावरता येते. कॅटलॉगमधला सीटच्या उंचीचा आकडा म्हणूनच अर्धवट असतो. सीट किती रुंद, बसल्यावर गाडी किती दबते आणि कलायला लागली की किती किलो अंगावर येतात, हे त्यात कुठंच छापलेलं नसतं.

पहिल्यांदा मॅडम पडल्या त्या सप्टेंबरात, फुलांच्या हंगामात. कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, पुढची मोटार थांबली, म्हणून याही डाव्या कडेला थांबल्या. डावा पाय खाली सोडला. तिथं डांबर संपून साइडपट्टी वीतभर खाली गेलेली होती. पायाला जमीन लागली तोवर गाडी तिच्या तोलाच्या पलीकडे कलली होती. दुसऱ्यांदा पडल्या शाळेच्या दारात, जांभ्याच्या बारीक खडीवर गाडी वळवून लावताना. दोन्ही वेळा वेग शून्य. गुडघा खरचटला, क्लचचा लिव्हर वाकला.

मग एका ठिकाणी गाडी 'खाली करून' घेतली. मागच्या शॉकअपला चाकाशी जोडणाऱ्या दोन लिंक पट्ट्या असतात. त्यांच्या जागी लांब पट्ट्या टाकल्या की मागचा भाग खाली बसतो. (सगळ्याच गाड्यांत असं होत नाही. काहींत लिंकची मांडणी उलटी असते आणि लांब पट्टीनं गाडी वर जाते.) पट्टीच्या लांबीत थोड्याच मिलिमीटरचा फरक केला तरी चाकाशी तो कित्येक पट होतो. इथं मागचं चाक ४० मिमीनं वर आलं होतं, म्हणजे गाडीची मागची बाजू तेवढी खाली. बाकी कशाला हात लावलेला नव्हता. पुढचा फोर्क तसाच, साइड स्टँड तसाच, हेडलाइट तसाच.

गाडी एकटी का पडते हे समजायला दोन मिनिटं पुरली. साइड स्टँडची लांबी गाडीच्या मूळ उंचीला मापून ठेवलेली असते. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, की ती डावीकडे नीट कलून उभी राहत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते. मग शाळेच्या पटांगणात उजवीकडे जरा उतार असला किंवा एखाद्या पोरानं जाता जाता हँडलला हात लावला, की ती उजव्या अंगाला आडवी. तसंच झालं होतं, दोनदा. डबल स्टँड लावावा तर तोही लागेना. मागचं चाक ४० मिमी वर आलेलं, त्यामुळं गाडी स्टँडवर चढवायला आधी होती त्यापेक्षा तेवढीच जास्त उचलावी लागायची. ५२ किलोच्या माणसानं ते कसं करायचं?

बाकीच्या तक्रारी त्यांनी स्वतःहून सांगितल्या नाहीत, विचारून काढाव्या लागल्या. "घाटात वळणावर कशी वाटते?" तर म्हणाल्या, "पुढचं चाक हाताला लागतच नाही, सांगावं तिकडं उशिरा वळतं." "रात्री?" तर, "समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारतो. मला वाटलं माझाच काहीतरी दोष." दोष नव्हता, हिशेब होता. गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १४६५ मिमी. मागून ४० मिमी खाली घेतलं की अख्खी गाडी सुमारे दीड अंशानं मागं झुकते. फोर्क तेवढाच जास्त लवंडतो, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेघ जमिनीला जिथं लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) वाढतो आणि हँडल जड, आळशी होतं. पुढच्या चाकावरचा भारही थोडा घटतो. हेडलाइटचा झोत ५० मीटरवर सव्वा मीटरहून जास्त वर सरकतो, म्हणजे समोरच्याच्या थेट डोळ्यांत. कासच्या धुक्यात वर गेलेला झोत कसला उपयोगाचा? समोर पांढरी भिंत उभी राहते आणि खालचा रस्ता अंधारात.

पण मला खरा धक्का बसला तो मागचं चाक काढल्यावर. आतल्या मडगार्डवर, मधोमध, दोन बोटं रुंदीचा काळा पट्टा होता. हात फिरवला तर गुळगुळीत, बूटपॉलिश केल्यासारखा. टायर तिथं घासत होता. शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक कुठं थांबायचं हे मूळ पट्ट्यांच्या हिशेबानं ठरवलेलं असतं. लांब पट्ट्यांमुळं शॉकअप त्याच ठिकाणी थांबतो, पण चाक तेव्हा ४० मिमी वर पोचलेलं असतं. मोठ्या खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ते मडगार्डला टेकतं. भर वेगात उतारावर टेकलं तर चाक क्षणभर धरल्यासारखं होतं. मॅडमना खड्ड्यात येणारा 'खर्रर्र' आवाज ठाऊक होता. त्यांना तो चेनचा वाटायचा.

पट्ट्याही कुठल्यातरी लोखंडी पट्टीतून कापलेल्या. भोकं ड्रिलनं पाडलेली, आत बुश (भोकातली झीज सोसणारी नळी) नाही, आणि काही महिन्यांतच भोकं अंडाकार झालेली. मागचं चाक हातानं वर-खाली केलं की टक-टक वाजायचं. ज्या जागेवर माणसाचं सगळं वजन कित्येक पटीच्या तरफेनं येतं, तिथं असलं काम बघून माझा पोरगा सुद्धा गप्प झाला. तो एरवी गप्प बसत नाही.

मूळ पट्ट्या आहेत का, हा माझा पहिला प्रश्न होता. मिस्टरांनी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून पिशवी काढून आणली, त्यात पट्ट्या होत्या. नशीब. नाहीतर सुट्या भागाची वाट बघत बसलो असतो. नवीन बुश, ग्रीस घालून मूळ पट्ट्या बसवल्या आणि गाडी पुन्हा कंपनीच्या उंचीवर आणली. मॅडमचा चेहरा पडला. म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा पहिल्यासारखंच?" मी म्हटलं, "आधी मापं तर घेऊ द्या."

ही मापं कुणीही घरी घेऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या भागावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर घ्यायचं. मग गाडी चाकांवर सरळ उभी करून तेच अंतर पुन्हा. मग चालक हेल्मेट, सॅकसकट बसल्यावर तिसऱ्यांदा. बसण्याआधी गाडी दोन-तीनदा दाबून सोडायची, म्हणजे शॉकअप कुठं अडकून खोटं माप देत नाही. चालक बसल्यावर एकूण किती दबली, तो तिचा सॅग. असल्या रस्त्यावरच्या गाडीला चालीच्या साधारण ३० टक्के सॅग असावा असा ढोबळ नियम आहे. इथं १८० चे ५४ मिमी.

आमचं माप निघालं ३३. स्वतःच्या वजनानं गाडी फक्त ७ मिमी दबत होती आणि मॅडम, त्यांची सॅक, डबा, वह्यांचा गठ्ठा, सगळं मिळून आणखी २६. म्हणजे ३० च्या जागी १८ टक्के. शॉकअपच्या वरच्या प्रीलोडच्या कडीकडे (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते या कडीनं ठरतं) पाहिलं तर ती बरीच घट्ट फिरवलेली. आधीचा मालक मागं माणूस आणि दोन्ही बाजूला पेट्या लावून लांबच्या सफरी करायचा, असं मिस्टरांकडून कळलं. त्याच्या ओझ्याला ते बरोबर होतं. गाडी विकताना कुणी कडी सैल करून देत नाही. आणि ज्यानं गाडी 'खाली' केली त्यानंही कडीला हात लावला नव्हता, कारण तिच्या खाचांत वाळलेल्या मातीचा थर जसाच्या तसा होता. माती खरवडून काढायलाच पोराला अर्धा तास लागला.

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढ्यासाठीच. गाडी कापण्याआधी, बदलण्याआधी, ती आत्ता कुणाच्या वजनाला लावलेली आहे हे बघायचं. ओझ्यासाठी घट्ट केलेल्या गाडीवर ५२ किलोचं माणूस बसलं की गाडी पुरेशी दबत नाही, उंचच राहते. कडी टप्प्याटप्प्यानं सैल करत, दर वेळी माप घेत आम्ही ५४ वर आलो. मागची बाजू २१ मिमी खाली, एक रुपयाचा नवा भाग न टाकता.

इथं एक गैरसमज नेहमी कानावर येतो, की प्रीलोड सैल केला म्हणजे शॉकअप मऊ झाला. तसं नाही. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, गाडी कुठल्या उंचीवर उभी राहते तेवढं बदलतं. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली घेणारेही आहेत. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग उलट जास्त कडक होते, आणि चाल कमी झालेली असते ती वेगळीच. असं काम मी करत नाही, पैसे दिले तरी.

मागून २१ मिमी उतरलं म्हणून सीटही २१ मिमी उतरते असं समजू नका. माणूस मागच्या अ‍ॅक्सलवर बसत नाही, त्याच्या बराच पुढं बसतो. चाकाशी जेवढं उतरलं त्याचा साधारण दोनतृतीयांश भाग बसायच्या जागी मिळतो. म्हणजे २१ चे १४. त्या आधीच्या ४० मिमीतूनही बसायला मिळाले होते जेमतेम २६-२७. तेवढ्यासाठी मडगार्ड घासलं, झोत आभाळात गेला आणि स्टँडवरून गाडी पडली.

मागची बाजू उतरली तर पुढची थोडी उतरवायला हवी, नाहीतर झुकाव राहतो. हँडलखाली फोर्कच्या नळ्या धरून ठेवणारी टी असते, तिच्या क्लॅम्पमधून नळ्या १० मिमी वर सरकवल्या. त्याहून जास्त मी गेलो नाही. नळी वर सरकली की चाक तेवढंच टीच्या जवळ येतं, म्हणून पट्टा लावून फोर्क पूर्ण दाबून पाहिला. मडगार्ड, हॉर्न, ब्रेकची नळी कुठं अडत नाही याची खात्री करूनच बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले. मग हेडलाइट पुन्हा लावला, भिंतीवर खडूनं रेघ मारून. साइड स्टँड १२ मिमी कापला आणि तळाला ४ मिमी जाड, रुंद तळवा जोडला, कारण कासकडच्या चिखलात मूळ स्टँडचं टोक रुतायचं.

उरलं सीट, आणि सगळ्यात मोठा हिस्सा तिथंच मिळाला. कुशनवाल्याकडं जाताना मूळ सीटला मी हात लावू दिला नाही, जुन्या बाजारातून दुसरा सांगाडा घेतला. कुशनवाला आमचा जुना, हातात लांब पात्याची सुरी, आणि सवय अशी की फोम कापायचा म्हटलं की मधोमध खड्डा करायचा. तसं केलं तर माणूस टाकीकडं घसरत राहतो. त्याला मॅडमना गाडीवर बसवून दाखवलं. त्यांच्या मांड्या सीटच्या पुढच्या कडांवर फाकत होत्या, पाय सरळ खाली न जाता बाहेरून वळसा घालून जात होते. त्यानं खडूनं दोन्ही बाजूंना रेघा मारल्या आणि पुढची कड दोन्हीकडून सुमारे दोन सेंटिमीटर आत घेतली, तिरकी. वरून २० मिमी फोम काढला आणि खाली कडक फोमचा थर घातला, नाहीतर पातळ झालेल्या सीटमधून अर्ध्या तासात सांगाडा टोचायला लागतो. पहिल्या खेपेला शिवण आत टोचत होती, परत उसवून घेतली. दोन दिवस गेले त्यात.

गोळाबेरीज अशी: कडीतून १४, फोर्कमधून बसायच्या जागी तीन-एक, फोममधून २०. एकूण सुमारे ३७ मिमी. शिवाय अरुंद कडेमुळं पाय सरळ पडतो, त्याचा फायदा वेगळाच. लांब पट्ट्यांनी दिलं होतं त्यापेक्षा १० मिमी जास्त, आणि चाकाची चाल पूर्ण शाबूत. पहिल्यांदा दोन्ही पायांचे नुसते अंगठे टेकायचे. आता दोन्ही चवडे टेकतात, आणि जरा डावीकडं सरकून बसलं तर डावा पाय टाचेसकट. त्यात त्यांनी जाड सोलचे बूट घेतले.

तरी पहिली पडझड मला विसरता येत नव्हती. साइडपट्टी वीतभर खाली असेल तर ३७ मिमी काय करणार? म्हणून दोन रविवार सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर त्यांच्याबरोबर गेलो. दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोडायचा, हे पहिलं. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, थांबताना कमरेनं थोडं डावीकडं सरकायचं, एकच पाय, पण पूर्ण. थांबायची जागा दहा पावलं आधीच डोळ्यांनी निवडायची. रस्त्याची डावी कड नव्हे, चाकोरीची उंच बाजू. चढावर थांबले तर पुढचा ब्रेक सोडायचा नाही. निघताना मागच्या ब्रेकवर गाडी धरून क्लच चावेपर्यंत सोडायचा, मग ब्रेक. आणि गाडी तोलाबाहेर गेलीच तर तिला धरायला जायचं नाही, सोडून बाजूला व्हायचं. हे शेवटचं त्यांना पटायला वेळ लागला. "एवढ्या पैशाची गाडी सोडून द्यायची, दादा?" म्हटलं, "लिव्हर साडेतीनशेला मिळतो."

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण ग्राहक विचारत नाहीत आणि गॅरेजवाले बोलत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतला तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्या लांब पट्ट्यांसकट अपघात झाला असता तर विमा कंपनीनं काय म्हटलं असतं ते सांगायला नको. प्रीलोड फिरवणं ही कंपनीनंच दिलेली सोय आहे, त्यात प्रश्न नाही. फोर्कचे १० मिमी आणि कापलेला स्टँड हे मी स्वतः काठावरचंच काम धरतो, आणि मॅडमना तसं सांगूनच केलं. मूळ सीट घरी जपून ठेवायला सांगितली तीही त्यासाठीच.

पावसाळ्यानंतर सर्व्हिसिंगला गाडी आली, या वेळी चालवत. मडगार्डच्या आतला काळा पट्टा मंद झाला होता, नवा घासा नाही. एक तक्रार मात्र होती. शनिवारी मॅडम मुलाला मागं बसवून क्लासला आणतात. तो आठवीत, ४५ किलोचा. त्या दिवशी एका गतिरोधकावर गाडी 'ठप्प' करून बसली. बसणारच. कडी त्यांच्या एकट्यांच्या वजनाला लावलेली. हे मी आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नव्हतं. ती चूक माझी.

मग त्यांना सी-स्पॅनर (कडी फिरवायचा हुकासारखा पाना) हातात दिला आणि कडी कशी फिरवायची ते शिकवलं. खूण करायला माझ्याकडं पांढरा रंग होता, तो सुकलेला. मॅडमनी पर्समधून नेलपॉलिश काढली. एकट्या असतील तिथं लाल ठिपका, मुलगा मागं असेल तिथं दोन ठिपके. शुक्रवारी संध्याकाळी मुलगाच आता कडी फिरवून ठेवतो म्हणे.

डबल स्टँड अजूनही त्यांना जड जातो. कडी सैल असली की मागची बाजू खाली, तेवढी जास्त उचलावी लागते. घरी त्यांनी २० मिमी जाडीची एक सागवानी फळी ठेवली आहे. मागचं चाक त्या फळीवर घेतात, मग स्टँडवर पाय देतात. शाळेत फळी नाही. तिथं साइड स्टँडवरच उभी असते, पटांगणाच्या वरच्या कोपऱ्यात, डावं अंग उताराकडं करून.